चष्मा लागला, आता बाहेर पाठवू की घरात जपू?

पत्र थोडक्यात: लिहिणाऱ्या ताईंना दोन मुलं आहेत, मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी चार वर्षांची. गेल्या महिन्यात मुलाला फळ्यावरचं नीट दिसत नाही असं लक्षात आलं आणि मायनस सव्वाचा चष्मा लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी निघताना सांगितलं, "याला रोज दोन तास बाहेर उजेडात खेळू द्या." ताई लिहितात: "आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. दोघंही नोकरी करतो, दोघांनाही चष्मा आहे. शाळा सुटल्यावर मुलं सासूबाईंकडे असतात. मुलाला लहानपणापासून छातीत घरघर होते, म्हणून त्याला धूळ, पाऊस, गवत या सगळ्यापासून आम्ही जपलं. सासूबाई त्याला खाली सोडायला तयारच नाहीत. नवरा म्हणतो, बॅडमिंटनचा क्लास लावू आणि दोन महिन्यांतून एकदा निसर्ग शिबिराला पाठवू, म्हणजे प्रश्न सुटला. तो स्वतः रात्री जेवण झाल्यावर मुलांना पाव तास खाली फिरवून आणतो. आणि मुलगा म्हणतो, बाहेर बोअर होतं. मुलांना निसर्गात न्या म्हणतात त्यात खरंच काही तथ्य आहे का? त्यासाठी घर बदलावं लागेल का? आणि आमच्या चुकीमुळे त्याला चष्मा लागला का?"

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो मनात सलत राहिला तर पुढचं काही वाचूनही पोचणार नाही. तुमच्या चुकीमुळे चष्मा लागलेला नाही. आई-वडील दोघांनाही लांबचा नंबर असला की मुलाला तो लागण्याची शक्यता मुळातच जास्त असते. मूल दिवसभर किती उजेडात असतं, किती वेळ जवळचंच बघत बसतं, याची त्यात भर पडते. हा दुसरा भाग आपल्या हातातला आहे खरा, पण तो आपल्या हातात आहे हे तुम्हाला आजवर कोणी सांगितलं होतं? घरघर होणाऱ्या मुलाला जपा, एवढंच सगळ्यांनी सांगितलं. तुम्ही ते मनापासून केलंत.

आता तथ्य किती ते बघू. डोळ्यांपुरतं बोलायचं तर भरपूर आहे.

लांबचा नंबर लागतो तेव्हा डोळ्याचा गोळा समोरून मागे प्रमाणाबाहेर लांबलेला असतो. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा मागच्या पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते. वाढत्या वयात हात-पाय वाढतात तसा डोळाही वाढतो, आणि त्याला कुठे थांबायचं हे कळावं लागतं. भरपूर उजेड आत गेला की डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन जास्त तयार होतं आणि ते या लांबण्याला आवर घालतं, असं आज सर्वाधिक मान्य असलेलं स्पष्टीकरण आहे.

आणि हा 'भरपूर उजेड' म्हणजे किती, याचा आपला अंदाज साफ चुकतो. आपला डोळा इतका पटकन जुळवून घेतो की आतला आणि बाहेरचा फरक जाणवतच नाही. उजेड लक्स या एककात मोजतात. दिवे लावलेल्या घरातल्या खोलीत साधारण १०० ते ३०० लक्स उजेड असतो. चांगल्या वर्गात ३०० ते ५००. बाहेर उघड्यावर, ढगाळ दिवशीसुद्धा तो १०,००० च्या घरात जातो, आणि स्वच्छ उन्हात १ लाखापर्यंत. झाडाच्या सावलीत बसलं तरी काही हजार मिळतात. म्हणजे घरातला लख्ख कोपराही सहसा सावलीतल्या बाकाची बरोबरी करू शकत नाही. त्यामुळे उन्हात होरपळायची काही गरज नाही, सावली चालते, टोपीही चालते.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. सिंगापूरमधली आणि सिडनीमधली सहा-सात वर्षांची मुलं, दोन्हीकडची चिनी वंशाची. आई-वडिलांच्या चष्म्याचं प्रमाणही दोन्हीकडे जवळपास सारखं. पण सिंगापूरच्या मुलांपैकी २९ टक्क्यांना लांबचा नंबर होता, सिडनीतल्या फक्त ३ टक्क्यांना. सिडनीची मुलं पुस्तकं कमी वाचत असतील म्हणावं, तर ती जास्तच वाचत होती. मोठा फरक होता तो बाहेर घालवलेल्या वेळात: सिडनीत आठवड्याला जवळपास १४ तास, सिंगापुरात ३. पुढे चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांमध्ये प्रत्यक्ष करून पाहिलं गेलं. सहा शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा जादा तास बाहेर, उरलेल्या सहा शाळा नेहमीसारख्या. तीन वर्षांनी बाहेर जाणाऱ्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना नवा नंबर लागला होता, इतरांपैकी ३९.५ टक्क्यांना. तैवानने २०१० पासून शाळांमधून रोज १२० मिनिटं बाहेर हा कार्यक्रमच हाती घेतला. तुमच्या डॉक्टरांचे 'दोन तास' याच विचारातून आलेले आहेत.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्ही निराश व्हाल. बाहेरच्या उजेडाचा सगळ्यात मोठा उपयोग नंबर लागण्याआधी होतो. लागलेला नंबर त्याने उतरत नाही. तो वाढण्याचा वेग काहीसा कमी होऊ शकतो, पण तिथला पुरावा आधीच्याइतका पक्का नाही. त्यामुळे चष्मा नियमित लावायचा, 'डोळ्यांना सवय लागेल' म्हणून काढून ठेवायचा नाही, कमी नंबरचाही करून घ्यायचा नाही, आणि वाढ रोखण्यासाठीचे थेंब किंवा खास काचा याबद्दल डॉक्टरांशी बोलायचं. बाहेर खेळणं हे याच्या जोडीला.

म्हणजे ताई, या सल्ल्याचा सर्वाधिक फायदा ज्या मुलाला होणार आहे त्याच्याबद्दल तुमच्या पत्रात एकच ओळ आहे. ते मूल म्हणजे तुमची चार वर्षांची मुलगी. दोन्ही पालकांना चष्मा, भावाला सातव्या वर्षी लागलेला, आणि तिचे डोळे अजून वाढीच्या सुरुवातीला. तुम्ही मुलासाठी जे काही ठरवाल त्यात तिला पहिल्या दिवसापासून धरा.

आता तुमच्या यजमानांच्या दोन्ही कल्पना. बॅडमिंटन उत्तम खेळ आहे. मुलाला आवडत असेल तर जरूर घाला. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल असं हलावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि क्लासचे दिवस त्यात मोजले जातील. पण तो क्लास बंदिस्त हॉलमध्ये असेल तर डोळ्यांच्या खात्यात काही जमा होणार नाही. सिडनीतल्याच मुलांच्या अभ्यासात हे वेगळं काढून पाहिलं होतं: घरातल्या, हॉलमधल्या खेळाचा लांबच्या नंबरावर फरक दिसला नाही, बाहेर असण्याचा दिसला. तेच रात्रीच्या फेरीचं. जेवणानंतर बाबांचा हात धरून फिरणं मुलांच्या आयुष्यातली फार मोलाची गोष्ट आहे, ती अजिबात बंद करू नका. फक्त अंधारात डोळ्यांना उजेड मिळत नाही, म्हणून ती दोन तासांत धरू नका.

यातून मला तुमच्या पत्रामागच्या एका गृहीतकाकडे यायचं आहे. तुम्ही सगळ्यांनी निसर्ग ही एकच वस्तू धरली आहे, दूर कुठेतरी असलेली, जिथे पोचायला शिबिर, सुट्टी किंवा नवं घर लागतं. प्रत्यक्षात मूल बाहेर असतं तेव्हा त्याला चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी मिळत असतात आणि त्या सगळ्यांना जंगल लागत नाही. डोळ्यांना लागतो तो डोक्यावर उघडं आकाश असताना मिळणारा उजेड, मग खाली सिमेंट का असेना. झोपेलाही तोच लागतो: दिवसाचा, विशेषतः सकाळचा उजेड शरीराच्या घड्याळाला वेळ लावून देतो आणि रात्री झोप वेळेवर येते. हाडांना लागणाऱ्या ड जीवनसत्त्वासाठी मात्र अंगावर थेट ऊन यावं लागतं. खिडकीच्या काचेतून आलेलं चालत नाही, कारण ज्या किरणांनी ते तयार होतं ते काच अडवते.

तोल आणि ताकद यायला उंचसखल जमीन लागते. सपाट फरशीवर पाय प्रत्येक वेळी तसाच पडतो. मातीवर, दगडांवर, मुळांवर प्रत्येक पाऊल नवं असतं, घोट्याला आणि मेंदूला दर वेळी नव्याने हिशेब करावा लागतो. त्याला थोडी ओबडधोबड जागा पुरते.

आणि मन निवायला हिरवळ लागते. २००९ मध्ये अमेरिकेत, लक्ष एका जागी ठरत नाही अशा, म्हणजे एडीएचडी असलेल्या ७ ते १२ वर्षांच्या मुलांना वीस-वीस मिनिटं तीन ठिकाणी चालवून आणलं: बागेत, गजबजलेल्या शहरी भागात आणि घरांच्या वस्तीत. बागेतून आल्यावर त्यांचं लक्ष बाकी दोन्हींपेक्षा चांगलं लागलं. मुलं थोडी होती, अवघी सतरा, म्हणून त्यावर मोठी इमारत उभी करू नये. पण डेन्मार्कमध्ये ९ लाखांहून अधिक माणसांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये जे मांडलं गेलं तेही त्याच दिशेचं आहे: बालपणी घराभोवती हिरवळ जितकी कमी, तितकी पुढे मानसिक आजारांची शक्यता जास्त. कुटुंबाची सांपत्तिक स्थिती, आई-वडिलांचे आजार, शहरात राहणं हे सगळं हिशेबात घेऊनही तो संबंध टिकला. संबंध म्हणजे कारण असं लगेच म्हणता येत नाही, तेवढं भान ठेवूनही मी म्हणेन की चार झाडांचा तुकडा जवळ असेल तर तोच निवडा.

म्हणून घर बदलू नका. एवढ्यासाठी तर नाहीच. शिबिराला पाठवायचं तर आनंदाने पाठवा, तिथे त्याला तारे दिसतील, नवे मित्र मिळतील. पण दोन महिन्यांतले दोन दिवस हे रोज बाहेर घालवलेल्या वेळाची जागा घेऊ शकत नाहीत. शिबिर आणि रोजची जागा यातलं एकच जमणार असेल तर मी डोळे मिटून रोजची जागा निवडेन.

आता छातीची घरघर. तुमची भीती मला पूर्ण समजते. मध्यरात्री मूल धापा टाकत असताना त्याला मांडीवर घेऊन बसलेल्या आईला "जरा मातीत खेळू द्या हो" असं सहज म्हणू नये. तरीही एक प्रश्न विचारते: इतकी वर्षं घरात जपूनही त्रास होतोच आहे ना? घरातली हवा आपल्याला स्वच्छ वाटते, पण गाद्या-उशांमधले डोळ्यांना न दिसणारे धुळीचे किडे, भिंतींची ओल, बुरशी, धूर ही घरघरीची मोठी कारणं घरातच राहतात. सर्दी-खोकला पावसात भिजल्याने होत नाही, विषाणूंमुळे होतो, आणि बंद खोलीत माणसं दाटीने बसली की विषाणूंचं फावतं. ओल्या कपड्यांत तासभर कुडकुडत ठेवा असं मी म्हणत नाही. घरी आल्यावर अंग कोरडं करा, एवढंच.

मातीबद्दल फिनलंडमधला एक छान प्रयोग आहे, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला. काही पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातली माती, गवत आणि झुडपं आणून घातली आणि ३ ते ५ वर्षांच्या मुलांना २८ दिवस त्यात खेळू दिलं, रोपं लावू दिली. महिन्याभरात त्यांच्या त्वचेवरच्या आणि आतड्यातल्या जिवाणूंचं वैविध्य वाढलं, आणि रक्तात प्रतिकारशक्ती समतोल ठेवणाऱ्या घटकांचं प्रमाणही सुधारलं. या प्रयोगाने मुलांचा दमा बरा झाला असं कोणी म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. पण माती म्हणजे रोग, हे समीकरण तरी सैल व्हायला हरकत नाही.

तुम्ही आता छातीच्या डॉक्टरांना जाऊन नेमकं विचारा: खेळण्याआधी पंप घ्यायचा का, त्रास सुरू झाला तर काय क्रमाने करायचं, कोणत्या लक्षणाला थेट दवाखाना गाठायचा. हे कागदावर लिहून घ्या. दमा आटोक्यात असलेल्या मुलाने पळावं, खेळावं, हेच वैद्यकशास्त्राचंही म्हणणं आहे. त्रास सुरू असलेल्या आठवड्यात खेळ हलका ठेवा. हवा फारच खराब असेल त्या दिवशी घरातच थांबा. मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात, त्यामुळे धुरकट दिवशी 'दोन तास पूर्ण करू' हा हट्ट नको. वाहत्या रस्त्यालगतची बाग आणि दोन गल्ल्या आतली बाग यांत निवड असेल तर आतली घ्या. बाकी साधी काळजी: पायात बूट, संध्याकाळी डास असतील तर पूर्ण बाह्या, धनुर्वाताची लस वेळेवर, आणि घरी आल्यावर साबणाने हात धुणं.

सासूबाईंबद्दल मला थोडं वेगळं वाटतं. तुम्ही त्यांना अडथळा म्हणून लिहिलं आहे. पण जरा त्यांच्या जागी उभ्या राहा. दुपारभर दोन लहान मुलं त्यांच्या भरवशावर आहेत. मुलगा पडला, गुडघा फुटला, रात्री छाती भरली, तर संध्याकाळी घरी आल्यावर पहिला प्रश्न कोणाला विचारला जाणार? "तुम्ही कुठे होतात?" हा प्रश्न कोणी तोंडाने विचारला नाही तरी त्यांना तो ऐकू येत असणार. मातीची भीती असेलही, पण त्याहून मोठी भीती बोल लागण्याची असू शकते. आणि गुडघे दुखत असतील तर पळणाऱ्या मुलामागे जायची भीती वेगळीच.

यावर उपाय एकच आहे आणि तो तुमच्या यजमानांनी करायचा आहे. त्यांनी आईजवळ बसून स्पष्ट सांगावं: "आई, तो पडणार आहे, खरचटणार आहे. त्याबद्दल तुला कोणी काही म्हणणार नाही. तू फक्त बाकावर बस." सुनेने सांगितलं तर ती सूचना वाटते; मुलाने सांगितलं तर दिलासा वाटेल. डॉक्टरांचा कागद, पंप, पाण्याची बाटली, पट्ट्या आणि तुमचे दोघांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी असं सगळं एका पिशवीत भरून दाराजवळ टांगून ठेवा. पहिले आठ-दहा दिवस तुमच्यापैकी एकाने लवकर येऊन किंवा सुट्टी काढून सोबत जावं. सासूबाईंना त्यांच्या लहानपणी त्या कुठे खेळायच्या हेही विचारा, मुलांसमोर विचारा. मला राहून राहून वाटतं की त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असेल.

"पडशील, उतर, हळू" या शब्दांबद्दलही थोडं. नॉर्वेतल्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी मुलांच्या धाडसी खेळांचा बारकाईने अभ्यास केला आहे: उंचावर चढणं, वेगात धावणं, मस्ती-कुस्ती, नजरेआड जाऊन लपणं. अशा खेळांतून मूल भीतीशी ओळख करून घेतं, स्वतःची झेप किती हे त्याला कळतं. २०२४ मध्ये कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही अशा खेळाची बाजू उचलून धरली. फरक करायचा तो मुलाला दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या धोक्यात. फांदी उंच आहे हे त्याला दिसतं. ती आतून पोकळ आहे, गवतात काच आहे, हे दिसत नाही. न दिसणारं आपण आधी जाऊन तपासायचं आणि दिसणारं त्याच्यावर सोडायचं. तो अडकला तर "सांभाळ!" असं ओरडण्यापेक्षा "आता पाय कुठे ठेवशील?" असं विचारा. ओरडण्याने मूल दचकतं. प्रश्न विचारला की ते पायाकडे बघतं.

राहिला मुलाचा 'बोअर'. हा त्याचा निकाल आहे असं तुम्ही धरून चाललात. मी तसं धरणार नाही.

माझी भाची साधारण त्याच वयाची असताना महिनाभर माझ्याकडे राहिली होती. पहिले तीन दिवस घरामागच्या मोकळ्या जागेत ती माझ्या ओढणीचं टोक धरून उभी राहायची. "आता काय करायचं?" "किती वेळ झाला?" "जाऊया?" दर दोन मिनिटांनी. मीही थकले होते, चौथ्या दिवशी मी काही न सुचवता पायरीवर बसून राहिले. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. बराच वेळ ती भिंतीला टेकून पायाने खडे उडवत राहिली, आणि मग एकदम थांबली. भिंतीच्या बुडाशी शेवाळावर एक गोगलगाय होती. तिने बोट लावलं. गोगलगायीची दोन्ही लांब शिंगं आत ओढली गेली. ती वाट बघत बसली. एक शिंग हळूच बाहेर आलं, मग दुसरं. तिने वाटेत पान ठेवलं. गोगलगाय पानावर चढली, पान वाकलं, ती पलीकडे उतरली, मागे ओली चमकणारी रेघ. मग काडी ठेवली. मग खडा. मी घड्याळ पाहिलं तेव्हा चाळीस मिनिटं उलटली होती आणि तिने मला एकदाही हाक मारली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी उठून तीच दाराशी उभी, "ती अजून आहे का बघू."

तुमच्या मुलाच्या दिवसात प्रत्येक गोष्टीला सुरुवात, नियम आणि सांगणारं कोणीतरी आहे. बाहेर गेल्यावर यातलं काहीच नसतं, म्हणून त्याला रितं रितं वाटतं. तो रिता वेळ वीस-पंचवीस मिनिटं टिकू द्या. लगेच खेळ सुचवू नका, मोबाइल हातात देऊ नका, आणि शक्यतो "तो मोबाइल ठेव आणि चल बाहेर" अशी सुरुवातही नको, नाहीतर बाहेर जाणं शिक्षा होऊन बसतं. रोज त्याच जागी जा. वेगवेगळ्या बागा दाखवण्यापेक्षा एकच जागा पुन्हा पुन्हा पाहिली की मुलाला फरक दिसायला लागतात: काल बंद असलेली कळी आज उघडली, मुंग्यांची रांग भिंतीच्या दुसऱ्या बाजूला गेली. एक डबी, एक दोरी आणि एक भिंग एवढं सामान पिशवीत टाका. बाकी काठ्या, दगड तो गोळा करेल. ते घरी आणेल तेव्हा एक खोका त्याच्यासाठी राखून ठेवा आणि त्याला न विचारता रिकामा करू नका. शेजारचं एखादं मूल सोबत आलं तर अर्धं काम आपोआप होईल.

दोन तासांचा हिशेब ऐकून घाबरू नका. ते सलग असावे लागत नाहीत. शाळेत पायी जाता येत असेल तर जाण्या-येण्याची वीस-तीस मिनिटं धरा. मधल्या सुट्टीत मुलं वर्गातच बसतात की मैदानात जातात, हे शिक्षकांना विचारा. तैवानमध्ये मुलांना सुट्टीत वर्गाबाहेर काढण्यापासूनच सुरुवात झाली. शाळेनंतर ऊन उतरलं की मावळायच्या आत पाऊण-एक तास सासूबाईंसोबत. रविवारी सकाळी तुम्ही दोघं असता तेव्हा दोन-तीन तास. एखाद्या दिवशी गृहपाठ बाकावर बसून करा. आठवड्याची बेरीज दहा-बारा तासांवर गेली तर फार छान. गेली नाही तरी ग्वांगझूमधल्या मुलांना मिळालेली जादा वेळ ४० मिनिटंच होती, तीही शाळेच्या दिवसांत, हे लक्षात ठेवा. भर उन्हाच्या, कडक दुपारच्या वेळा टाळा, पाणी सोबत असू द्या.

मुलीसाठी वेगळी सोय करावी लागणार नाही, ती भावाच्या मागे जाईल. तिच्या वयाला जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल सुचवते आणि पडद्यासमोर बसणं १ तासापेक्षा जास्त नको म्हणते. तिचा वेग मात्र वेगळा असेल. ती शंभर पावलांच्या वाटेला अर्धा तास लावेल, प्रत्येक पानापाशी थांबेल, तेव्हा तिला ओढून पुढे नेऊ नका.

आणि त्या रविवारच्या सकाळी तुम्ही स्वतः बाकावर फोन बघत बसू नका ताई, बूट काढून गवतावर पाय टेका. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० प्रौढांच्या पाहणीत, आठवड्याला निदान १२० मिनिटं हिरव्या जागेत घालवणाऱ्यांनी स्वतःची तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं होतं, मग तो वेळ एका दमात घालवलेला असो की तुकड्या-तुकड्यांनी. नोकरी, घर, दवाखाने यांत तुमच्या वाट्याला ती दोन तासांची मोकळीक कधी आली होती, हे पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं.

सोमवारपासून सुरू करा. मुलाचा नंबर पुन्हा तपासायची तारीख डॉक्टरांनी दिलीच असेल. त्या दिवशी जाताना मुलीलाही सोबत न्या आणि तिचेही डोळे तपासून घ्या.